डब्यावरची पिवळी रेघ

मामा,

डब्यावरची पिवळी रेघ अखंड आहे. आत्ताच स्टुलावर चढून पाहून आलो. झाकणावर सुरू होऊन डब्याच्या अंगावर उतरणारी, करंगळीच्या नखाइतकी रुंद, तुम्ही शिकवली होतीत तशी मध्ये न थांबता ओढलेली. डबा बिस्किटांचा आहे आणि आत गांजाची एक पुडी आहे, शेवटची. खरं तर हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवं होतं, पण तुम्हाला कुठलीही गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगायची सवय मला कधी नव्हती. इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासून अकरा वर्षं मी ओढत होतो. दिवाळीनंतर सोडला, त्याला आज एकशे बेचाळीस दिवस झाले. तुम्हाला जाऊन येत्या गणपतीनंतर सात वर्षं होतील.

आज रविवार आहे. सकाळचे अकरा वाजायला आलेत आणि वेस्ट मांबलमचं ऊन आत्ताच भिंतीतून आत यायला लागलंय. मी अजून इथेच राहतो, तुमच्या गल्लीपासून दोन गल्ल्या सोडून. तुमचं घर पाडून तिथे फ्लॅट झाले. ज्या पुढच्या खोलीत मी दोन वर्षं भाडेकरू म्हणून राहिलो, तिथे आता झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणजे पत्र टाकायचं म्हटलं तरी कुठल्या पत्त्यावर टाकणार हा प्रश्नच आहे. उद्या दहा वाजता मला नुंगंबाक्कमला डॉक्टरबाईंकडे जायचंय. त्या दर पंधरा दिवसांनी एकच प्रश्न आधी विचारतात, किती दिवस झाले. त्यांच्याकडे जाण्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं असं सकाळपासून वाटतंय. सकाळपासून म्हणजे नऊ वाजल्यापासून.

मी मिरजेहून कारखान्यात आलो तेव्हा मला चाकांच्या बेवर, म्हणजे चाकं बसवायच्या टप्प्यावर, टाकलं आणि तुमच्या हाताखाली दिलं. बसच्या उघड्या चेसिस एकामागून एक पुढे सरकायच्या. फिटर हवेच्या गननं चाकाचे दहाही नट आवळून जायचे आणि त्यांच्यामागून आपण. प्रत्येक नटावर टॉर्कचा पाना ठेवायचा, ओढायचा, नट हवा तेवढा घट्ट असला की पान्यातून टक् असा आवाज येतो, तो ऐकायचा, आणि मगच ब्रश पिवळ्या रंगात बुडवून नटावरून चाकावर एक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसतं. पहिल्या दिवशी मला ते काम अगदीच पोरकट वाटलं होतं. चार वर्षं मशीन डिझाइन घोकून इथे येऊन रंगकाम करायचं, असं मी घरी फोनवर म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही एका चेसिसचा एक नट मुद्दाम ढिला करून माझ्या हातात पाना दिलात. मी ओढला, आवाज आला नाही, नट फिरतच राहिला आणि माझा हात त्याच्याबरोबर खाली गेला. ती मोकळी, पोकळ फिरकी माझ्या मनगटाला अजून आठवते.

तुमचा डावा कान कधीच गेलेला होता आणि उजवाही जायच्या मार्गावर होता. तीस-बत्तीस वर्षं त्या गोंगाटात काढल्यावर दुसरं काय होणार. तुम्हाला तो टक् ऐकू यायचा नाही, हे साऱ्या बेला माहीत होतं आणि वरच्या कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तुम्ही आपला एक रिवाज पाडला होता. चेसिसचं कार्ड घेऊन प्रत्येक चाकापाशी यायचं आणि तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघत विचारायचं. बाकीच्यांना तमिळमध्ये, "सत्तम केटुदा?" आणि मला तुमच्या त्या तंजावरी मराठीत, "आवाज आला कीं?" आम्ही "आला" म्हणायचं, तेही मोठ्यानं, ओठ नीट हलवून. मगच तुम्ही सही करायचात. मान हलवलेली चालायची नाही. आमच्यातले काही जण तुमची नक्कल करायचे, जेवताना एकमेकांना ताकाचा ग्लास देऊन "सत्तम केटुदा" विचारायचे. तुम्हीही हसायचात, आणि कामावर पुन्हा तेच विचारायचात.

तुमच्या स्वयंपाकघरात मात्र गोंगाट नव्हता. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तुम्ही स्वतःच सगळं करायचात. पितळी फिल्टरमध्ये कॉफी उतरत असायची, तुम्ही विळीवर बसलेले असायचात. मला आजही ते स्वयंपाकघर दिसतं तेव्हा रविवारच दिसतो. मी दारात उभा आहे, तुम्ही दह्यात उडदाचं पीठ कालवताय, डांगर पच्चडी करताय. आमच्या घरीही डांगर करतात असं मी म्हणतो, तर तुम्ही म्हणताय, "तुमचें तें पेपरांतलें मराठी, तुमचें डांगरही पेपरांतलेंच असेल." मी हसतोय. मग तुम्ही हात धुता, पंच्याला पुसता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "बैस. तुझ्या सदऱ्याला वास येतो."

कसला, असं मी विचारलं. खोटं बोलायच्या आधी थोडा वेळ मिळावा म्हणून माणूस विचारतो तसं.

"माजा कान गेला, नाक नाहीं गेलें," तुम्ही म्हणालात. "गच्चीवर काय करतोस तें मला ठाऊक आहे. तें तुझें तूं बघ. एक सांग मला. कामावर असतांना नाहीं ना रे?"

"नाही मामा," मी म्हणालो.

"सेरि, बरें," तुम्ही म्हणालात आणि पान वाढलंत. नंतर जेवता जेवता एवढंच म्हणालात, "तिथें माजे कान म्हणजे तूं आहेस. आणखी कोणीं नाहीं." तुम्ही चिडला असतात, मिरजेला फोन केला असतात, खोली सोडायला सांगितली असतीत, तर मी चार दिवस फुगून बसलो असतो आणि कदाचित सुटलो असतो. तुम्ही विश्वास ठेवलात. त्या दिवशी मी दोनदा भात घेतला, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरच्या शेडमागे जाऊन नेहमीसारखी ओढली. मला खरोखर वाटायचं की ओढल्यावर माझा हात जास्त स्थिर होतो. रेघ तर अशी सुरेख यायची की तुम्ही इतरांना आणून दाखवायचात.

निवृत्तीच्या दिवशी तुम्हाला शाल, नारळ आणि घड्याळ मिळालं. तुम्ही मला तुमचा ब्रश दिलात. मूठ घसरू नये म्हणून दोरा गुंडाळलेला, केस झिजून तिरपे झालेले. "आधीं पाना, मग हें," एवढंच म्हणालात. चार महिन्यांनी, कॉफी पिता पिता खुर्चीतच गेलात. मी सकाळच्या पाळीवरून धावत आलो, आणि धावत येण्याआधी शेडमागे गेलो होतो. तुम्हाला खांदा दिला तेव्हा माझं डोकं जागेवर नव्हतं. या गोष्टीची मला अजून लाज वाटते आणि ती कुणापाशी बोलूनही उपयोग नसतो, कारण तुम्ही सोडून ती कुणाची नाहीच.

त्यानंतर मी सोडायला लागलो. सोडायला लागलो म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या खेपेला नऊ दिवस टिकलो, मग एकदा महिनाभर, मग मध्ये दोन वर्षं नुसतंच सोमवारपासून सोडू म्हणण्यात गेली. गांजानं काही होत नाही, त्याची सवय लागत नाही, असं होस्टेलवर आम्ही एकमेकांना फार आत्मविश्वासानं सांगायचो. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात अंगाला घाम सुटून चादर ओली व्हायची, भाताला चव लागायची नाही, साधं बसचं तिकीट काढताना कंडक्टरशी भांडण व्हायचं. आणि स्वप्नं. ओढत होतो तेव्हा वर्षानुवर्षं स्वप्नच पडलं नव्हतं, ती सगळी एकदम आली. त्यातलं एक ठरलेलं. सरळ डांबरी रस्ता, भर दुपार, आणि रस्त्यावरून एकटंच एक चाक येतंय, मजेत, कुणाची घाई नसल्यासारखं. चाकावर दहा पिवळ्या रेघा आहेत. ते माझ्या बाजूनं निघून जातं आणि मी वळून बघत नाही, कारण मागून बस येत असणार हे मला माहीत असतं.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. त्यांनी सांगितलं की तलफ आली की तिच्याशी वाद घालायचा नाही, हाताला काम द्यायचं, ती ओसरते. म्हणून मी फिल्टर घासतो, सायकल पुसतो, मांबलम स्टेशनचा पूल चढतो उतरतो. दुसरं म्हणजे त्यांनी सोडायची कारणं कागदावर लिहायला सांगितली आणि तो कागद खिशात ठेवायला सांगितला. मी तीन लिहिली: नोकरी, तब्येत, आई. तिन्ही खरी आहेत. मध्यंतरी आई फोनवर म्हणाली, तुझा आवाज हल्ली बरा येतोय रे, तेव्हा मी ऐकू आलं नाही असं सांगून ते तिला पुन्हा म्हणायला लावलं. पण मला ज्यानं धरून ठेवलं ते कारण त्या कागदावर नव्हतंच. ती भीती होती. मी बसची चाकं बघत हिंडायचो. सिग्नलला, स्टँडवर, देवळाबाहेर उभ्या असलेल्या यात्रेच्या गाड्यांची. वाकून नटांवरच्या रेघा शोधायचो, असल्याच तर त्या चिखलाखाली पुसट झालेल्या असायच्या. लोकांना वाटायचं काहीतरी पडलं असेल. मामा, मी तमिळ वाचायला शिकलो हे ऐकून तुम्हाला आनंद झाला असता. ते एका शब्दासाठी शिकलो. रोज सकाळी चहाच्या टपरीवरच्या पेपरात अपघाताच्या बातम्यांत मी 'चक्करम' हा शब्द शोधतो, म्हणजे चाक. पाच-सहा वेळा सापडला. दर वेळी गाडी कुठली, कुठल्या वर्षाची, ते पेपरात नसतं. गावाचं नाव असतं आणि आकडा असतो.

शेवटची पुडी टाकून द्या असं बाई म्हणाल्या होत्या. मी टाकली नाही. घरात असून घेत नाही, त्यालाच सोडलं म्हणतात, असं मी त्यांना ऐकवलं. आपल्या धंद्यातला माणूस असंच करणार. डब्यात पुडी घातली, झाकण दाबलं, तुमचा ब्रश काढला आणि झाकणावरून डब्यावर रेघ ओढली. उघडला तर तुटेल, तुटली तर दिसेल. रोज सकाळी दात घासले की स्टुलावर चढून ती बघायची आणि कॅलेंडरवर फुली मारायची. बाईंना ही युक्ती फार आवडली. त्यांनी ती दुसऱ्या कुणा पेशंटलाही सांगितली म्हणे, तेव्हा माझी छाती फुगली. तुमच्याकडून शिकलोय, असं मी त्यांना सांगितलं.

आता गेल्या बुधवारची गोष्ट. आपल्या बेवरचा एक जुना फिटर हल्ली बसच्या डेपोत असतो. तो भेटला. त्याला मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आपल्या त्या वर्षीच्या चेसिस अजून चालतात का रे. तो म्हणाला, "अदेल्लाम पोच्चु सार." त्या सगळ्या गेल्या, रात्रंदिवस पळून सहा वर्षांतच मोडीत निघाल्या, लोखंडाच्या भावानं. मी त्याला चहा पाजला. घरी चालत आलो तर खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं, वाटेत शिट्टीही वाजवली. गुरुवारी पेपर बघायला विसरलो. शुक्रवारी सिग्नलला माझ्या पुढ्यात बस उभी होती आणि मी तिच्या चाकाकडे न बघता तिच्यावरची साडीची जाहिरात बघत होतो. सात वर्षांत पहिल्यांदा मी घाबरलेला नव्हतो, आणि घाबरलेला नसलो तर मला धरून ठेवणारं काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. खिशातला कागद काढून पाहिला. नोकरी, तब्येत, आई. अक्षर चांगलं होतं.

त्या वर्षीच्या चेसिस, असं मी त्याला म्हणालो. बाईंनाही असंच सांगत आलोय, की त्या काळात कामावर असताना ओढायचो, कुठल्या गाडीवर काय चुकलं असेल ते आठवत नाही. आठवतं. एकच गाडी आहे. तुमच्या निवृत्तीला महिना उरला होता, जेवणानंतरची पहिली चेसिस. पुढचं डावं चाक. मी शेडमागून आलो होतो आणि सगळं कसं हलकं, छान चाललं होतं. ब्रश हातात होता. पाना पलीकडच्या चाकापाशी पडला होता, चार पावलांवर. मी तो आणायला गेलो नाही. दहाही नटांवर रेघा ओढल्या, एकसारख्या, इतक्या सुंदर की मीच बघत राहिलो. तुम्ही कार्ड घेऊन आलात, वाकून रेघा पाहिल्यात, मान डोलवलीत, मग सरळ होऊन माझ्या तोंडाकडे बघत विचारलंत, "आवाज आला कीं?"

"आला," मी म्हणालो. मोठ्यानं, ओठ नीट हलवून.

तुम्ही सही केलीत. दुपारी ड्रायव्हर आला, करूरला बॉडी बांधायला न्यायची होती. डोक्याला टॉवेल गुंडाळला, त्या उघड्या सांगाड्यावर बसला आणि गेटमधून बाहेर पडताना त्यानं मला हात केला. मीही केला. नट बहुतेक घट्टच असतील, फिटर चांगला होता. त्या बहुतेकवर मी सात वर्षं काढली आणि ती गाडीही तिचं आयुष्य काढून मोडीत गेली, काही झालं असलं तर ते होऊनही गेलं. कार्ड कुठेतरी फायलीत असेल. त्यावर नाव तुमचं आहे, माझं नाही.

उद्या दहा वाजता बाई विचारतील, किती दिवस. एकशे त्रेचाळीस हा शब्द माझ्या जिभेवर तयार आहे, तेव्हा 'आला' होता तसाच, आणि त्यांना रेघ बघायची असली तर मी डबा पिशवीत घालून नेऊही शकतो. तुमच्यापुढे मात्र आता परत मोठ्यानं खोटं बोलवत नाही. आज सकाळी नऊ वाजता मी डबा खाली काढला. झाकण उघडलं. पुडीतली अर्धी ओढली, खिडकीशी उभा राहून, तुमच्या गल्लीकडे तोंड करून. मग झाकण लावलं, जुना रंग नखानं खरवडून काढला, तुमचा ब्रश घेतला आणि नवी रेघ ओढली. हात अजिबात हलला नाही. रेघ अखंड आहे, मामा. पण बोट लावलं तर रंग अजून ओला आहे.